भरतीच्या वेळचा नमुना

ता. ९, मंगळवार

चि. भाऊ यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते; ते लागतीलच अशी हमी देत नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र नावाड्याच्या हाती धाडते आहे. तुझी तब्येत उत्तम असणार. प्रयोगशाळेत गाळलेले पाणी प्यायला मिळते.

इकडे आई आहे. हवा दमट आहे. धक्क्यावर तू लावलेला फलकही आहे: ‘खाडीचे पाणी तपासले. शिंपल्या वेचण्यास हरकत नाही.’ खाली तुझी लफ्फेदार सही. रंग पक्का दिसतो.

तो लागला त्याच संध्याकाळी मी त्याच्याखाली उभी राहून बोलले. म्हटले, कारखान्याचा नळ चालू आहे, वसाहतीचे सांडपाणी चालू आहे, मग खाडी स्वच्छ केली कोणी? देवाने, की या सहीने? लोक हसले, टाळ्या पडल्या. तेवढ्यात पुढे बसलेली आई उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “पुरे झालं. तू बोलतेस, तो मोजतो.” एका वाक्यात तिने माझी सभा खिशात घातली. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन गाळात उतरली. तिच्या मागोमाग शेजारच्या बायका.

ताई जळली, असे तू मनात म्हणशील. खुशाल म्हण.

आता मोजणाऱ्यालाच विचारते. नमुना कधी घेतलास? नावाडी सांगतो, ऐन भरतीला, मधोमध, होडीतून पाय खाली न टाकता. तुमच्या खात्याच्याच नियमात भरती आणि ओहोटी दोन्ही वेळचे नमुने घ्या असे लिहिले आहे. भरतीला खाडीत खाडी असते का? समुद्र पाहुणा आलेला असतो. तू पाहुण्याची नाडी पाहिलीस आणि यजमान ठणठणीत आहे असे लिहून दिलेस. ओहोटीला नळाखालच्या वळणावर घोटाभर पाणी उरते. त्यावर तवंग असतो, आणि मासळीची पिल्ले श्वासासाठी तोंडे वर काढून तडफडतात. शिंपल्या तिथल्या गाळात राहतात. दिवसरात्र तेच पाणी गाळतात आणि त्यातली घाण पोटात साठवतात. समुद्र परत जातो. त्या कुठे जाणार?

बाजारात बोलतात, “साहेबानं पैसे खाल्ले असणार.” मी कुणाला गप्प केले नाही. पण तू खाल्ले नाहीस हे मला ठाऊक आहे. खाल्ले असतेस तर मला सोपे गेले असते. लाचखाऊंवरचे भाषण मला झोपेतही देता येते. तुला चिखलाची भीती वाटते, एवढेच. लहानपणी त्याच वळणावर नवे बूट मिरवत गेलास आणि कमरेपर्यंत रुतलास. आईने गाळावर पालथी पडून तुला ओढून काढले. बूट अजून तिथेच आहेत. भिणे हा गुन्हा नाही, भाऊ. त्या भीतीवर सही ठोकून ती धक्क्यावर टांगणे, हा गुन्हा आहे.

वर मी ‘आई आहे’ असे लिहिले. ‘बरी आहे’ असे लिहिले नाही. तुझे लक्ष गेले नसेल.

शनिवारपासून ती इस्पितळात आहे. शिंपल्या खाल्ल्या आणि उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. आता लघवी होत नाही, अंगाला सूज आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारले, “काय खाल्लं होतं?” आई म्हणाली, “शिळा भात.” पुन्हा विचारले. पुन्हा शिळा भात. शेवटी मी त्यांना बाहेर गाठून खरे सांगितले. आत आले तर आईने भिंतीकडे तोंड केलेले.

“चारचौघांत त्याला खोटं पाडशील तू,” म्हणाली. “त्याची सही आहे वर.”

उठून बसायला अंगात त्राण नाही, पण तुझी बाजू घ्यायला आहे. माझ्याशी ती तेव्हापासून बोललेली नाही.

काल फलक उखडायला गेले. शेजारीण भरली टोपली घेऊन वर येत होती. मी अडवले तर हसली. “अगं, तुझी आई तर शिळ्या भातानं आजारी पडली. तिनंच सांगितलं मला. तिच्या लेकाची सही आहे, आम्ही काय वेडे आहोत?” मी बोलत राहिले. गळा बसेपर्यंत बोलले. ती चूल पेटवायला गेली.

माझ्या बोलण्याने तो फलक उतरणार नाही. मी उखडला तर उद्या पुन्हा लागेल. तो उतरेल तुझ्या मोजण्याने. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस.

परवा सकाळी पूर्ण ओहोटी आहे. बाटल्या घेऊन ये. वळणावर मी आधी उतरेन, कमरेला दोर बांधून. दुसरे टोक तू धर. माझ्याशी बोलू नकोस, मीही बोलणार नाही. नमुना घे, फलक स्वतःच्या हाताने उतरव, मग आईकडे जा आणि तिला तूच सांग. माझ्याकडून ती ऐकणार नाही.

नाही आलास, तर बाजारातले ते लाचेचे बोलणे मी व्यासपीठावरून बोलेन. खोटे आहे हे माहीत असून बोलेन. टाळ्या पडतील.

बूट घालून येऊ नकोस. रुततात.

अजून तरी तुझीच,
ताई