एकट्यानेच केलेली चढाई

सर, तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. आज रविवार, तरी पहिली पाळी होती. सिलतऱ्याच्या कारखान्यातून आत्ताच आलो, नाकात काळी धूळ आहे, अंग मोडून आलंय आणि झोप मात्र येत नाही.

इतिहास तुम्ही आम्हाला स्वयंपाकघरात शिकवलात, कारण बाहेरच्या खोलीत पुस्तकांमुळे बसायला जागाच नव्हती. अमेरिकेतलं यादवी युद्ध आलं तेव्हा तुम्ही ओट्यावर तुरीची डाळ मांडलीत, शत्रू म्हणून लाखोळीची डाळ, आणि नदी म्हणून लाटणं. तुरीच्या दोन तुकड्या, दोन काठांवर. हल्ला एकाच वेळी करायचा. पण चिठ्ठी नेणारा घोडेस्वार वाट चुकतो, दोघांची घड्याळं जुळत नाहीत, वारा उलटा असला तर तोफसुद्धा ऐकू येत नाही. "मग काय करावं सेनापतीनं?" तुम्ही विचारता. मी म्हणतो, "सर, ज्याले जमते त्यानं घुसून जावं." तुम्ही हसता. "हव, घुस! अन् दुसरी तुकडी तिकडे चहा पिऊन राहिली." काकू मागून ओरडतात, "डाळी मिसळल्या तर तुम्हीच निवडत बसा!"

वर्षभरात मी तेच केलं. माझं जिच्यावर प्रेम होतं, तिचं घर चौबे कॉलोनीत, आमचं गुढियारीत, जात वेगळी. ठरलं होतं की आधी ती आईजवळ बोलेल, मग फोन करेल, मग मी जाईन. तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी मी सरळ तिच्या वडिलांसमोर उभा! तिनं घरात अजून चकार शब्द काढला नव्हता. आतल्या दारात ती उभी होती, माझ्याकडे बघतही नव्हती. आठवड्याच्या आत तिला नागपूरला मावशीकडे धाडलं. मी कॉलेज सोडलं.

तुम्ही घरी आलात. रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "ती तयार होती का रे? तुले कोणं सांगतलं?" मी म्हणालो, "प्रेमात काय घड्याळ पाहत बसते का कोणी?" आणि तुम्हाला चहाही न विचारता बाहेर निघून गेलो. ती आपली शेवटची भेट.

ती परत आलीय, नोकरी करते. आज तीन वाजता वडिलांशी बोलणार होती. काल म्हणाली, "इस बार मेरे फोन के पहले हिलना मत. आता बिघडलं ना, तर मी पुन्हा नाही बोलणार घरी." साडेचार झालेत, फोन नाही.

हा कागद मी काकूंनाही दाखवणार नाही. थांबलोय, सर. पण खरं सांगतो, बूट घालून, गाडीची चावी मुठीत धरून थांबलोय.