चार ठिकाणचा सॉकेटचा कोड एका ठिकाणी आणल्याबद्दल

धाड, शनिवार

ती. हरिओम भाऊजींच्या सेवेशी, धाडहून प्रज्वलचा साष्टांग नमस्कार. (नुसत्या पत्राला साष्टांग जरा जास्त होतो हे मान्य, पण पुढचं वाचलंत की कमीच पडला असं वाटेल.)

इकडे सगळे खुशाल आहोत. तुमची कंबर कशी आहे? संत्र्याच्या बागेत वाकून वाकून धरली असं ताईनं आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं, आणि मी ते बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं परत आईलाच सांगितलं. बाबा "हूं" म्हणाले. आठ महिन्यांत तुमच्या विषयावर त्यांनी घरात काढलेला हा पहिलाच उद्गार, म्हणून मुद्दाम कळवतो. तुम्ही धाडचा एकही फोन उचलत नाही, भाजीपाला गटाच्या व्हॉट्सॲपमधूनही बाहेर पडलात, तेव्हा कागदाशिवाय इलाज उरला नाही. अक्षराला हसू नये. सोनाळ्याच्या पोस्टमनशी तरी तुमचा अबोला नसेल अशी आशा आहे.

आधी मागचं बोलतो. तुम्ही ताटावरून उठलात त्या दिवशी बाबा तुम्हाला म्हणाले होते, "जवाईबुवा, एकच गोष्ट चार ठिकाणी लिहून ठेवली म्हणे तुम्ही. विसरता का काय?" ते वाक्य बाबांचं नव्हतं, माझं होतं. आदल्या दिवशी सर्व्हरचा कोड वाचून मीच घरात तसं म्हणालो होतो, आणि बाबांनी ते जपून ठेवून नेमकं पुरणपोळीच्या पंगतीत काढलं. तुम्ही अर्धी पोळी टाकून ताईला घेऊन निघालात. आता गटाच्या ऑफिसातल्या फळ्यावर 'संगणक मार्गदर्शक : श्री. हरिओम, सोनाळा' असं जे पांढऱ्या रंगात लिहिलं आहे, ते पुसायचा ठराव येत्या पंधरा तारखेच्या बैठकीत यायचा आहे. मांडणार बाबाच. आई म्हणते, एकदा का ते नाव पुसलं, की आपली संजीवनी, म्हणजे ताई, पुन्हा माहेरी यायची नाही असंच समजा. आई उगाच बोलणारी बाई नाही हे तुम्ही जाणता. ठराव कशावरून निघाला ते आता सांगतो. (तुम्हाला सर्व्हर समजावणं म्हणजे आगाऊपणा आहे. पण हे पत्र तुमच्या आधी ताई फोडणार, म्हणून तिला कळेल अशा बेतानं लिहितो.)

तर ताई, गटाच्या ऑफिसात, म्हणजे खताच्या जुन्या गोदामातल्या त्या खोलीत, एक कॉम्प्युटर आहे आणि त्यावर भाऊजींनी लिहिलेला सर्व्हर चालतो. कुणी मोबाईलवरून 'उद्याच्या बुलडाण्याच्या गाडीत माझे पाच कॅरेट वांगे' असं कळवलं की सर्व्हर ते लिहून ठेवतो. त्याच्या हाताखाली त्याच कॉम्प्युटरवर आणखी चार छोटे प्रोग्रॅम आहेत : एक मोबाईलच्या नोंदी आणून देतो, एक यादी छापतो, एक वजनकाट्याचा आकडा घेतो, एक सगळ्याची नक्कल ठेवतो. या चौघांशी बोलायला सर्व्हर चालू होताना चार सॉकेट उघडतो. सॉकेट म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या आत बोलायची खिडकी, आणि ती ठरलेल्या नावाच्या फाइलवरून ओळखली जाते. लाइट गेली की सर्व्हर जागच्या जागी मरतो, फाइल मात्र तशीच पडून राहते. आपल्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच हे. माणूस कधीच उतरून गेला, रुमाल सीटवर आहे, आणि नवा माणूस बसायला कचरतो आहे.

भाऊजी, तुम्ही यावर जो उपाय लिहिला होता तो मी आता तोंडपाठ म्हणून दाखवू शकतो. रुमाल दिसला तर आधी हाक मारून बघायची. कुणी ओ दिली तर आपण मुकाट्यानं माघारी फिरायचं, नाही दिली तर रुमाल काढून बसायचं. हे तुम्ही चारही सॉकेटसाठी वेगवेगळं, पण शब्दाला शब्द तेच लिहिलं होतं. एकशे बारा ओळी. मला पुण्याच्या नोकरीत (अकरा महिने) एक गोष्ट नीट शिकवली होती : तोच कोड दोनदा दिसला की हात शिवशिवले पाहिजेत. इथं तर चारदा होता. मी त्याचं एकच फंक्शन केलं, चारही सॉकेटना तेच वापरायला लावलं, आणि ओळी भरल्या चोवीस. इथवर माझं काही चुकलं नाही, हे तुम्हीही मनातल्या मनात कबूल कराल. चुकलं ते असं, की हाक मारायच्या ओळी मला फालतू वाटल्या. मी वीसदा सर्व्हर बंद-चालू करून बघितला, एकदाही कुणी ओ दिली नाही. ऑफिसात एक कॉम्प्युटर, एक सर्व्हर, दुसरा सर्व्हर येणार कुठून? त्या ओळी मी काढल्या. रुमाल दिसला की भिरकावून बसायचं, असा साधा सरळ नियम केला, बाबांना फंक्शन दाखवलं, आणि बाबांनी त्यातलं काही न समजता माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसरा सर्व्हर कुठून आला ते ऐका. गेल्या गुरुवारी मी दाढ दाखवायला बुलडाण्याला गेलो होतो. सकाळी दहाला लाइट गेली, अकराला आली. ऑफिसची किल्ली बाबांकडे. त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि सर्व्हरचं हिरवं बटण दाबलं. सर्व्हर चालू झाला, मोबाईलवाला प्रोग्रॅम त्याला जाऊन चिकटला, नोंदी यायला लागल्या. पण बाबांचा सगळा जन्म विहिरीवरच्या मोटरीपाशी गेला आहे. स्टार्टर दाबला की मोटर घुमली पाहिजे, पाइपात पाणी खळखळलं पाहिजे. घुमली नाही तर दाब परत. सर्व्हर चालू झाला काय आणि नाही काय, आवाज सारखाच, म्हणजे अजिबात नाही. बाबा चहा पिऊन आले, कान लावला, आणि बटण पुन्हा दाबलं. तुमच्या काळात ते रोजच दोनदा-तीनदा दाबत असणार. दुसरा सर्व्हर हाक मारायचा, पहिला ओ द्यायचा, दुसरा निमूट जायचा, आणि कुणाला पत्ता लागत नसे. माझ्या काळात दुसऱ्यानं पहिल्याचा रुमाल भिरकावला आणि जागेवर बसला. आता दोघंही चालू. मोबाईलवाला आधीच पहिल्याशी बोलत होता, तो तिथंच राहिला. दुपारी यादी छापणारा आला, त्याला खिडकीत दुसरा भेटला. त्या बिचाऱ्याला जुन्या नकलेवरून लाइट जाण्याआधीची तीनच नावं माहीत होती, तो तेवढीच बोलला.

यादी इंद्रभानच्या हातात गेली. गाडीवर हा नवा ड्रायव्हर बाबांनी नेमला तो एका अटीवर, यादीबाहेरचं एक कॅरेट चढवायचं नाही. (मागच्या हंगामातली मारामारी तुम्हाला आठवत असेल, सोडवायला तुम्हीच मध्ये पडला होतात.) शुक्रवारी पहाटे फाट्यावर बावीस जण माल घेऊन उभे. इंद्रभाननं तिघांची आठ कॅरेट चढवली आणि गाडी काढली. लोकांनी हात केले. त्यानंही हात केला. रामरावांचा सांबार (पुण्याची कोथिंबीर) म्हणजे सकाळी बघण्यासारखा होता, दुपारी बैलांनी हुंगून सोडून दिला. रामराव माझ्या अंगावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "काऊन बे प्रज्वल, माह्या मोबाईलमंधी तं 'नोंद झाली' असंच येऊन राह्यलं होतं." ते खरं होतं. नोंद झालीच होती, पहिल्याकडे. मला फार वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी गट जमला. बाबा उभे राहून म्हणाले, "जवायाचा कोड हाय, कधी ना कधी घात करणारच होता. पोरानं सुधराले घेतला, पण मुळातच खराब त्याले तो काय करंन?" सगळ्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. मी खाली मान घालून बसलो होतो, तो माझा विनय आहे असा समज झाला. घरी येऊन तुमची हाक मारायची प्रत्येक ओळ परत लिहिली, फंक्शनात, एकाच ठिकाणी. आता बटण दहादा दाबलं तरी एकच सर्व्हर राहतो.

तर भाऊजी, तुमचा कोड दिसायला गबाळा होता पण बरोबर होता. माझा देखणा होता आणि चूक होता. हे मी पंधरा तारखेला सगळ्यांसमोर उभं राहून सांगणार आहे. तुम्ही काळजी करू नये. ताईला नमस्कार, कंबरेला शेक द्यावा.

आपला,
प्रज्वल

ता. क. : वर लिहिलेलं उभं राहून सांगण्याचं रात्रभर मनात घोळवलं. ते सांगायचं तर बटण दोनदा कुणी दाबलं हेही सांगावं लागेल, आणि ते बावीस जणांसमोर बाबांना सांगण्याची छाती माझ्यात नाही. म्हणून खरी विनंती ही, की तुमची हरकत नसेल तर चूक तुमच्याच नावावर राहू द्यावी. तुम्ही तसेही धाडला येत नाही.

ता. क. २ : वरची विनंती वाचून माझीच मला लाज वाटली. पण कागद दोन्हीकडून भरला आहे, खोडायला जागा नाही. ताईला तेवढं दाखवू नये. पत्र टाकायला बाबांकडे दिलं आहे, ते पोस्टाकडेच चालले आहेत.

ता. क. ३ : जवाईबुवांस सासरा उकंडरावचा रामराम. पाकीट चिकटेल नव्हतं म्हणून वाचलं. बटन म्या तीनदा दाबलं होतं, दोनदा नाही. ठराव मी मांडणार नाही, पंधरा तारखेले जे झालं ते मीच सांगतो. त्याच्या आधी येत्या बुधवारी सकाळच्या गाडीनं सोनाळ्याले येऊन राह्यलो, त्या दिवशीचं माह्यं चुकलं, ते तोंडानं सांगाले. तुम्ही उठू नका, कंबर सांभाळा. तुमचा जुना कोड जपून ठेवजा, पोरगं अजून शिकून राह्यलं.