डाव्या हाताची निगा

२ मार्च, रविवार
हात कापला. डावा. अंगठ्याच्या बुडापासून पंजाच्या पाठीवर तिरका, खोल. ह्यांच्या बाइंडिंगच्या सुरीला धार लावत होते, दगड सरकला. चूक दगडाची. दवाखान्यात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. डॉक्टरांना सांगितलं, पत्र्याच्या डब्याने कापलं. सुरी म्हटलं की प्रश्न येतात. सुरी कशाला, धार कशाला, बाइंडिंग करणारा माणूस तर गेला.

लेक-जावई एप्रिलच्या शेवटी येणार आहेत. हे पाहिलं तर लेक म्हणणारच, आई, पुरे झालं एकटं राहणं, चल आमच्याकडे. गेल्या वर्षी मी नुसती बाथरूममध्ये घसरले तर केवढी मागे लागली होती. एक छोटी खोली रिकामी करून ठेवली होती माझ्यासाठी. तेव्हा ठाम नाही म्हटलं. या वेळी ती ऐकणार नाही.

म्हणून निश्चय: ती येईपर्यंत हातावर वण दिसता कामा नये. आणि तरी विचारलंच, तर उत्तर तयार आहे. तीन वाक्यं. शेवटचं वाक्य: माझं घर सोडून मी कुठेही येणार नाही.

४ मार्च, मंगळवार
एका हाताने सगळं जमतं. वेणी सोडून. आणि ब्लाउजची हुकं. आणि बरणीचं झाकण. वरच्या मजल्यावरचे हेडसर (रिटायर झाले तरी हेडसरच) जिन्यात भेटले. म्हणाले, वहिनी, काही लागलं तर हाक मारा. म्हटलं, काही लागत नाही. मग साखरेची बरणी गुडघ्यांत धरून उघडली. साखर वेचायला एक हात पुरतो. मुंग्यांनीही हातभार लावला.

५ मार्च, बुधवार
ड्रेसिंग. नर्सबाई तिशीची असेल. मला आजी म्हणाली. मी अजून कोणाची आजी नाही, असं ऐकवणार होते, पण तिने माझा हात हातात घेतला होता. म्हटलं, जाऊ दे. तिचा हात गरम असतो.

म्हणाली, आता घरीच करा आजी. साबण-पाण्याने हळू धुवायचं, टिपून कोरडं करायचं, व्हॅसलिनचा पातळ थर, वर स्वच्छ गॉज. कोरडी कडक खपली धरू द्यायची नाही, धरलीच तर ओढायची नाही, म्हणजे वण कमी राहतो. रोज यायची गरज नाही.
म्हटलं, एका हाताने जमत नाही.
(जमतं. पण ते शास्त्रशुद्ध होत नाही.)
बरं, या मग, म्हणाली.

८ मार्च, शनिवार
मी शाळेत गेले नाही. वाचायला शिकले ते ह्यांच्याकडे बाइंडिंगला आलेल्या सुट्या पानांवरून. त्यामुळे पुष्कळ पुस्तकांचे मधले भाग मला चांगले माहीत आहेत. घरात प्रथमोपचाराचं एक पुस्तक आहे. पानं चुकीची बांधली गेली म्हणून गिऱ्हाइकाने परत केलेलं. आज जखमांचं प्रकरण काढून बसले. उत्तम माहिती. शेवटी लिहिलंय, टाके काढल्यावर व्रणाची निगा राखताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, आणि पान उलटलं की एकदम मधमाशी चावते.

ह्यांच्या हातून पुस्तक चुकलेलं मी एवढंच पाहिलं. तेही नेमकं इथे. आता नर्सबाईंना विचारणं भाग आहे. उद्या तिची सुट्टी. रविवार फार लांबलचक असतो.

९ मार्च, रविवार
सुरीला धार लावली. हे दर रविवारी लावायचे. म्हणायचे, बोथट सुरीच जास्त कापते. म्हणजे ही सुरक्षिततेची बाब आहे. ह्यांच्यामागे तिने एक पुठ्ठा कापलेला नाही, पण म्हणून काय तिला बोथट होऊ द्यायचं? दगड डाव्या हाताने दाबून धरावा लागतो. एक टाका ताणला गेला. थोडं रक्त. थोडंच. एक टॉवेल.

१० मार्च, सोमवार
नर्सबाई रागावली. चांगली रागावली. कोणी माझ्यावर रागावल्याला बरेच दिवस झाले होते. काय केलंत आजी, भांडी घासलीत ना? म्हटलं, हो. मग हात निरखत म्हणाली, पत्र्याने कापलं तर कडा फाटतात, ही तर पट्टी धरून मारलेली रेघ आहे. मी भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचायला घेतला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिने पुढे विचारलं नाही.

आता टाके निघेपर्यंत रोज यायचं, असा हुकूम आहे. मला कुठे वेळ आहे? पण हुकमापुढे इलाज नाही.

१७ मार्च, सोमवार
टाके निघाले. ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट विचारली. म्हणाली, ऊन! कोवळ्या वणाला ऊन लागलं की तो काळवंडतो. बाहेर पडताना झाकायचा, नाहीतर सनस्क्रीन लावायचं. जखम पक्की मिटली की सिलिकॉन जेल आणि हलकं मालिश. म्हटलं, खाज सुटते. म्हणाली, मग छानच की, भरत आल्याची खूण आहे ती. खाजवू तेवढं नका. आणि आता तुम्हाला यायची गरज नाही हं, आजी.

माझ्यासाठी दार उघडून धरलं. गुणी मुलगी.

वाटेत आठवलं, मालिश गोल करायचं की उभं, ते विचारायचं राहिलं.

१८ मार्च, मंगळवार
गोलही चालतं, उभंही चालतं. लगेच काम झालं. मग बाहेरच्या बाकावर जरा बसले, पाय दुखत होते. दुखत नव्हते, पण चालत गेले असते तर दुखले असते.

२ एप्रिल, बुधवार
बाहेर जाताना ह्यांचा स्कूटरचा हातमोजा घालते. एकच, डावा. भाजीवाली म्हणाली, मावशी, उजव्याने काय घोडं मारलंय? हेडसर म्हणाले, वहिनी, टूथपेस्ट चोळा, डाग जातात. म्हटलं, हात आहे हा, फरशी नाही. ते वर निघून गेले. चहाला थांबवायला हवं होतं का? नको. सवय लागते.

लेकीचा फोन. कशी आहेस? मजेत. बरं आई, दुसरा कॉल येतोय, ठेवते.

१४ एप्रिल, सोमवार
वण फिका पडला. फारच फिका. निगा जरा जास्तच झाली म्हणायची. जेल थोडे दिवस बंद ठेवणार. फरक कळायला हवा.

आरशासमोर उत्तराची तालीम केली. तीन वाक्यांची पाच झाली आहेत. शेवटचं वाक्य बदललं: बरं बाई, तू एवढं म्हणतेस तर थोडे दिवस येऊन बघते. हे आपलं तिला वाईट वाटू नये म्हणून.

माळ्यावरची बॅग काढून पुसली. धूळ बसली होती. चेन नीट लागते.

२६ एप्रिल, शनिवार
दोघं आले. चहा डाव्या हाताने दिला. बिस्किटं डाव्या हाताने. मग हात टेबलावर पालथा ठेवला, हळूहळू लेकीच्या कपापर्यंत सरकवला. तिला वाटलं मला साखर हवी आहे. बरणी पुढे केली.

शेवटी सांगूनच टाकलं. हात कापला होता, खोल, टाके पडले, ह्यांच्या सुरीने. ती दचकली. माझा हात खिडकीशी नेऊन उजेडात धरला. कुठे गं? ही रेघ? अगं, सांगितलं नसतंस तर कळलंसुद्धा नसतं! जावई म्हणाले, वा, आई, मानलं तुम्हाला. बाबांच्या सुरीचं ऐकून तिने डोळे पुसले. मला वाटलं, आता विचारते.

म्हणाली, खरं सांगू आई, गेल्या वर्षी मी उगाच तुझ्या मागे लागले होते. तू एकटी किती छान निभावतेस! मला आता तुझी काळजीच वाटत नाही. ती छोटी खोली होती ना, तिथे ह्यांनी व्यायामाचं मशीन ठेवलंय. चालेल ना गं?

म्हटलं, चालेल की.

हे पाच वाक्यांत नव्हतं.

अंधार पडायच्या आत निघाले. जाताना तिने माझा हात घट्ट दाबला. उजवा.

२७ एप्रिल, रविवार
सुरीला धार लावली. दगड सरकला नाही. बॅग माळ्यावर परत ठेवली, एकटीने. हेडसरांना हाक मारायची वेळ आली नाही. एकंदर सगळं ठरवल्याप्रमाणे पार पडलं. वण जवळजवळ नाही, घर सोडावं लागलं नाही.

फक्त सकाळपासून त्या जागी किंचित खाज सुटली आहे. भरलेल्या जखमेला खाज, हे लक्षण बरं नव्हे. अंगावर काढण्यात अर्थ नाही. उद्या दवाखाना उघडला की नर्सबाईंना दाखवून येते.