करंजा बंदरावरची कॅसेट

अहो,

'प्रिय' लिहून बघितलं आणि खोडलं. जन्मभर कधी म्हटलं नाही, आता कुठे म्हणू? शाळा चौथीपर्यंतची, अक्षर वाकडं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

लिहायचं कारण, परवा तुमचं वर्षश्राद्ध आहे आणि आज दुपारी माझं नि मनीषाचं भांडण झालं. तुमच्यावरूनच. भावकी जेवायला येणार, तेव्हा टीव्हीवर बाबांचा छोटा पिक्चर लावू, असं तुमच्या लेकीने ठरवलंय. तुमच्या सगळ्या कॅसेटी तिने कॉम्प्युटरवर घेतल्या. चांगलं ते ठेवायचं, बाकीचं कापायचं.

चांगलं आणायचं कुठून? तुम्हाला त्या कॅमेऱ्याचं बटण शेवटपर्यंत कळलं का?

माझ्या भावाने तो कुवेतवरून आणला. पायामुळे तुमची रिक्षा सुटली होती. संध्याकाळ झाली की ओटीवर खुर्ची टाकून त्याच्याशी बोलत बसायचात. आज वालाला शेंगा धरल्या. आज पनवेलला डॉक्टरकडे गेलो, तो नुसता गोड बंद कर म्हणतो. मी म्हणायचे, जिवंत बायको घरात असताना यंत्राशी काय बोलता? तुम्ही म्हणायचात, "ते मधी बोलत नाय."

ओटीवर ठीक होतं, बटण मनीषा दाबून द्यायची. बाहेर गेलात की घोळ. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, एवढंच. पण तुम्ही खात्री करायला आधीच एकदा दाबून ठेवायचात. मग "चालू केला हं" म्हणालात की तो बंद व्हायचा, आणि "झालं, बंद" म्हणून खांद्याला लटकवलात की सगळं टिपत सुटायचा. मोरा बंदरातली लाँच कुठेच नाही. गव्हाणला भाच्याची हळद झाली, ती नाही. आहेत ते तुमचे पाय, चपला आणि पिशवीतलं मासळीचं शेपूट.

"सगळा कचरा आहे, आई," मनीषा म्हणाली.

"दाव मला. कचरा हाय का काय ते मी बघते."

तिने करंज्याची कॅसेट लावली. मासळीचा लिलाव बघायला गेलो होतो, तो दिवस. लिलाव नाहीच त्यात. ओली जमीन दिसते, खवल्यांनी चमकणारी, आणि तुमचा श्वास ऐकू येतो. एवढा दम लागला होता तर मला का नाही सांगितलंत? मी बोंबील बघायला पुढे गेले होते. मला मेलं थांबायला कुठे येतं.

मग एक बाई बोलते. कोळीण असणार, टोपलीपुढचे तिचे नुसते पाय दिसतात. "दादा, बसा जरा. वयनी गेली पुढं."

"नको. बसलो त उठनार नाय."

"मंग हाक मारू तिला?"

"तीच मारते बघ आता. तिचा आवाज आयकला का माजा पाय उचलतो. नाय त कवाच बसलो असतो."

आणि खरंच, लांबून माझा आवाज. "अवो, कुठं मेलात?"

तुम्ही हसलात. "हाय हाय, जिता हाय. आलो." आणि चपला चालायला लागल्या.

मनीषाने तिथेच थांबवलं. "हे कापते. वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर तू बाबांना कुठं मेलात म्हणून विचारतेस. आत्या काय म्हणतील?"

"म्हनू दे. आनि बाबा बोलले ते?"

"ते ठेवते. फक्त तुझा आवाज काढते, वर बासरी टाकते."

बासरी. तुमच्या चपलांना बासरी. मी उठून वायरच ओढली. ती रडली, मी तांदूळ निवडायला बसले. पोरगी वाईट नाही. चारचौघांत माझं हसं होईल, याची तिला भीती.

तांदूळ निवडता निवडता विचार केला. माझा आवाज काढला, तर तुम्ही का हसलात ते बघणाऱ्याला काय कळणार? एक दमलेला माणूस उगाच हसतो आणि चालायला लागतो, एवढंच दिसेल. कशाला चालला तो?

आणि एक विचारायचंय. ते कोळणीला सांगितलंत, मला का नाही? मी काय खाल्लं असतं तुम्हाला? बोलला असतात तर मी म्हटलं असतं, पुरे, पिशवी धरा. म्हणूनच नाही बोललात. कळलं.

तर ऐका. परवा ते न कापता लागेल. मनीषाला सकाळी चहा देऊन मी नीट सांगेन. तुमच्या बहिणी तोंडाला पदर लावतील, लावू दे.

ती कॅसेट अर्धी रिकामी आहे. ती मी भरणार. रोज नाही जमायचं, मला कंटाळा लवकर येतो. पण बाजार करून आले की ओटीवर बसेन आणि काय झालं ते सांगेन. शेजारीपाजारी काही म्हणोत, आवाज बारीक करणार नाही.

तुमची,
सुमन