वाळूतली कोप

मं. १ फेब्रु. ९४

नातीला, सुमीला घेऊन परभणीला जाऊन आले. डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितली. म्हणला, घसा साफ हाय. मग बोलंना का? तर म्हणे मागच्या खोलीत दर मंगळवारी एक बाई बसत्यात, त्यांना दाखवा.

खोलीत बघते तर बाहुल्या, रंग, चिखलाचे गोळे, वाळूनं भरलेलं घमेलं. अन् एक रिटायर डायवर, माझ्याच वयाचा, पालथ्या डब्यावर बोटं वाजवत बसलेला. बायको गेल्यापासून झोपत नव्हता म्हणे, आता डबा वाजवतो अन् झोपतो. म्हणलं, कुठं आणून टाकलं देवा.

बाई म्हणली, "आजी, इथं तिला खेळू द्यायचं. विचारायचं काही नाही."

"खेळायला आमच्याकडं उकिरडा हाय बाई. त्याला येसटीनं कशाला यावं?"

बाई हसली. राग आला न्हाई तिला. पोरीनं वाळूत हात घातला. संक्रांतीनंतर कशाला हात लावला तो हा पहिलाच.

गुरु. ३

काय झालं ते एकदा सरळ लिहिते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबल. सरकारनं संक्रांतीला विद्यापीठाला नाव दिलं अन् आमच्या गावची टोळकी पेटली. संक्रांत शुक्रवारी, रविवारी बौद्धवाड्यातल्या सखारामचं घर जाळलं. सखाराम आमच्या रानात जिंदगीभर राबला. हात भाजले, परभणीला सिव्हिल दवाखान्यात हाय. त्याची नात माया सुमीच्या वर्गात. दोघी कायम एका जागी. मायाला तिच्या आत्यानं सेलूला नेलं.

त्या दिवशी सुमी दिवस बुडताना एकटीच घरी आली. मनगट लाल. तवापासून गप्प. हात बी धरू देत न्हाई कुणाला.

तिचा बाप, तात्या म्हणती ती त्याला, अन् माय कारखान्यावर ऊस तोडायलेत. पोर माझ्या वटीत टाकून गेलेत. आले की काय सांगू?

दत्ता, माझा धाकटा, त्या दिवशी उशिरा आला. अंगाला राकेलचा वास. म्हणला, कंदील भरत होतो. घरात लाईट आली तवापासून कंदील माळ्यावर पडलाय.

मी विचारलं न्हाई. विचारलं की ऐकावं लागतं.

मं. ८

आज पोरीनं खराट्याच्या काड्या मागून घेतल्या. बोटानंच दाखवलं. वाळूत काड्या रोवल्या, वर शेंडे बांधले. कोप केली, खोपटावाणी. येळवशीला, येळा अमुशाला, रानात कडब्याची करतो तशीच, तोंड उगवतीला. आत चिखलाच्या दोन बाहुल्या बसवल्या. मग एकीला हाताला धरून ओढून बाहेर काढली. वरून लाल चिंधी टाकली. अन् बसली बघत.

मला जाळच दिसला तो.

बाईनं हळूच विचारलं, "हे काय आहे आजी?"

बाई पुण्याकडची, तिला काय मालूम. मी म्हणलं, "कोप हाय. येळवस झाली न्हवं आमची? रानात कोप करतो, आत पांडव मांडून पुजतो, वरून लुगडं घालतो. तेच करायली."

खोटं न्हाई बोलले. लुगडं घालतातच.

"आणि बाहुली बाहेर का काढली?"

"मोडली असंल."

मोडली नव्हती.

बुध. ९

दत्तासाठी मानवतचं स्थळ आलंय. पाहुणे येत्या पंधरवड्यात येतो म्हणले. पोरगी बोलत न्हाई हे त्यांच्या कानावर गेलं तर खोड निघंल. बोलली तर काय निघंल ते देव जाणे. दोन्हीकडून माझंच मरण.

दत्ता जेवताना म्हणला, "माय, ते परभणीचं बंद कर. खेळून कुठं वाचा येती व्हय?"

"तुला का एवढी घाई?"

 भाकरीचा तुकडा दुधात बुडवत बसला, खाईना.

मं. १५

बाईनं आज मला बी चिखलाचा गोळा दिला. "तुम्ही पण करा आजी, नुसतं बसून काय करता?"

म्हणलं, "चुली घालून घालून माझी बोटं झिजली, मला शिकवू नका."

तरी केला. बैल केला. डायवर बघून म्हणला, "आक्का, डुकराला शिंगं लय मोठी केली तुमी."

"तुमच्या ष्टेरिंगपेक्षा सरळ हायेत."

सुमीच्या गालाला खळी पडली. म्या बघितली. आवाज न्हाई, पण खळी पडली. डायवरला ऊस खाऊ घालावा वाटला.

पण मग पुन्हा तीच कोप. दोन बाहुल्या, एक ओढून बाहेर, चिंधी. आज एक नवं केलं. खिशात घरून हुरड्याचे दाणे आणले होते. ते कोपीच्या तोंडाशी ठिवले, भोवती ओंजळीनं पाणी फिरवलं, हात जोडले.

बाईनं माझ्याकडं बघितलं. "आजी, ही पण येळवस का?"

मी पोरीच्या हाताची वाळू झटकायला लागले. माणसाला तसा निवद आमी फकस्त मेल्यावर दावतो.

बस हुकली. दुसरीची वाट बघत स्टँडावर बसले. 

बुध. १६

काल घरी येईपर्यंत डोक्यात उजेड पडला. या घरात त्या रविवारपासून कुणी मायाचं नाव काढलं न्हाई. मीच ताकीद दिलेली. बौद्धवाड्याचं नाव घरात नको, पोरीच्या कानावर काही नको. वाटलं, नाव घेतलं न्हाई की विसरंल.

पोरीला वाटतंय माया आत जळून मेली.

सकाळी न्हाऊ घालताना सांगितलं, "माया जित्ती हाय गं. सेलूला हाय, आत्याकडं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी बाजारात सडकं वांगं खाली लपवून विकायले. इतके दिवस काहीच झालं न्हाई म्हणून सांगत होते तिला. आता माझ्यावर कोण इसवास ठिवल?

गुरु. १७

दत्ताला गोठ्यात गाठलं. म्हणलं, "तूच वढलंस ना तिला बाहेर?"

त्यानं वैरण टाकली न टाकली. "माय, मी गेलतो ते खरं. काडी मी लावली न्हाई."

"मग कुणी लावली?"

"सगळे होते. दारातून सुमीचा फ्राक दिसला, मी तिला मनगटाला धरून वढली, घराच्या वाटंला सोडली अन् पळालो."

"अन् दुसरी?"

"मला काय मालूम आत अजून कोण हाय!"

"वरडता आलं न्हाई तुला? आत पोर हाय म्हणून?"

 खाली बसला, शेणातच. रडत होता का बघितलं न्हाई मी. माझं काम होतं, निघून आले.

मं. २२

खोलीतून बाईला बाजूला घेतलं. म्हणलं, "बाई, येळवस न्हवती ती."

"मला वाटलंच होतं."

"मग बोलला का न्हाईत?"

"तुमच्या तोंडून यायला हवं होतं. मी पोलीस नाही आजी, मला कुणाचं नाव नको. तिला काय पाहिजे एवढंच सांगा."

"तिला माया डोळ्यांनी दिसाया पाहिजे."

"मग दाखवा. पण त्यानंतर ती बोलेल. काय बोलेल ते तुमच्या माझ्या हातात नाही."

तिथून सिव्हिलला गेले. पोरीला बाईजवळ ठिवून. सखारामचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्टीत. भाजलेल्या अंगाचा वास. भाकरी नेली होती, त्याला खाता येईना, मी चारली. आयुष्यात पहिल्यांदा. तो बी बघत होता अन् मी बी.

म्हणला, "वैनी, सुमी बोलती का?"

"न्हाई."

"म्या पोलिसाला सांगितलं, तोंड बघितलं न्हाई कुणाचं, कुणाला वळखलं न्हाई. मागली भिंत फोडून मायाला काढत होतो, बघणार कसा?" मग जरा थांबून, "आवाज वळखले मी. एक सोडून. सुमीला वढून नेणारा तो एक वरडलाच न्हाई."

भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला.

म्हणलं, "पुढल्या मंगळवारी मायाला आणशील का?"

"आत्या आणती तशी बी, मला बघाया." मग म्हणला, "तुमची पोरगी बोलली तर माझं खोटं पडल, वैनी. मला चालतंय. तुमाला चालतंय का?"

मी डबा धुतला अन् निघाले.

रवि. २७

पाहुणे येऊन गेले. पसंत म्हणतात. दत्तानं चहात दोनदा साखर घातली, पाहुणीनं बघितलं. सुमी दारामागं उभी. पाहुणीनं विचारलं, "पोर लय शांत हाय?" मी म्हणलं, "हाय." अन् मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणलं, "अजून हाय."

दत्तानं माझ्याकडं बघितलं.

सोम. २८

दत्ता म्हणला, "उद्या नको नेऊ." मी म्हणलं, "नेणार." म्हणला, "माझं लगीन मोडल." म्हणलं, "मोडल." म्हणला, "जेलात जाईन मी, माय."  चुलीवर दूध उतू गेलं.

पोरीची वेणी घातली. भांग वाकडा पडला. पुन्हा घातली.

मं. १ मार्च

माया आधीच आलेली होती. बाईनं तिला अन् तिच्या आत्याला सिव्हिलमधून खोलीत आणून वाळूपाशी बसवलं. सुमी दारातच थिजली. पुढं जाईना. माया लय दांडगी पोर. उठून आली, सुमीच्या गालाला बोट टोचलं अन् म्हणली, "कुठं गेलतीस गं तू? मी आत वरडायले अन् तू न्हाईच."

सुमीचं तोंड उघडं राहिलं. मग म्हणली, "माया."

घोगरा आवाज, म्हातारीसारखा. डायवरनं डबा वाजवायचा थांबवला.

पुढं दोघी कोप करत बसल्या. दोन्ही बाहुल्या बाहेर ठिवल्या. चिंधी टाकली न्हाई. माया म्हणली, "वाकडी झाली तुझी." सुमी म्हणली, "तूच कर मग." अशी दुपार गेली. मायाची आत्या माझ्याकडं पाठ करून बसली होती, शेवटपर्यंत. तिचं बरोबर हाय.

परत येताना बसमध्ये पोरगी काय काय बोलली. शेळीला पिलू झालं का. डायवरबाबाला दात किती. मायाला सेलूच्या शाळेत घातलंय, तिथं बाक हायेत. मी नुसतं हं हं. ताडकळस मागं पडलं तशी हळूहळू गप झाली. खिडकीतून बघत म्हणली,

"आज्जी, काका घरी हाय का?"

"आसंल."

"मला तात्या आले की सांगायचंय. मायाच्या आज्याला बी. सांगू का?"

माझ्या पोटचा हाय तो. मी बाहेर बघितलं. ज्वारी काढणीला आली.

"सांग," म्हणलं.

उतरताना हात पुढं केला. धरंल वाटलं न्हाई. धरला.

आता वट्यावर बसून लिहायले. दत्ता समोर बैलांना पाणी दाखवायलाय, बादली भरून वाहायली तरी हापसायचा थांबंना. सुमी माझ्या पाठीशी उभी हाय, तिचा श्वास माझ्या मानंवर. त्यानं वळून विचारलं, "काय माय, काय म्हणली बाई आज?"

पोरीनं पाठीमागून माझा पदर घट्ट धरलाय.