गोमाजीचं सुतक

रविवार, १० नोव्हेंबर

गोमाजी मेला. पान दोनशे बारा.

एका ओळीत! सात भाग, बारा वर्षं, आणि शेवटी एक ओळ. ताप आला, तीन दिवस राहिला, चौथ्या पहाटे गोमाजी गेला. पुढच्या ओळीत त्यानं सांभाळलेली केसर त्याची होडी काठावर उलटी करून ठेवते. त्याच्या पुढच्या ओळीत नव्या पुलावरून पहिली एसटी जाते.

मला वाटलं होतं, तो पुरात जाईल. किंवा पुलाच्या कंत्राटदाराशी भांडताना. लेखिकेनं त्याला साधा ताप आणला. बरोबर आहे. म्हणूनच सहन होत नाही.

सकाळी दहाला पुस्तक उघडलं, तीनला मिटलं. जेवले नाही. इतक्या मोठ्यानं रडत होते हे कळलंच नाही. दार उघडं होतं. खाली राहणाऱ्या घरमालकीण धोंडाबाई गच्चीवरचे कपडे घेऊन जिना उतरत होत्या. थांबल्या.

"आगं, काय झालं? कोण गेलं का?"

मी हो म्हटलं.

"कोण? बाप?"

मी मान हलवली.

का हलवली? सांगता आलं असतं — मावशी, पुस्तकातला माणूस आहे, खरा नाही. पण त्या क्षणी 'खरा नाही' हे शब्द तोंडातून निघेनात.

धोंडाबाईंनी कपडे पायरीवर ठेवले आणि मला धरलं. त्यांच्या पदराला म्हशीचा आणि खोबरेल तेलाचा वास. असं कुणी मला कधी धरलं होतं, आठवत नाही.

बाबा जिवंत आहेत. अंबाजोगाईला. निदान माझ्या वाढदिवसापर्यंत तरी होते. त्या दिवशी त्यांचा फोन येतो. दर वर्षी येतो. नंबर मी 'उचलू नको' या नावानं ठेवलाय.

आज मी त्यांना मारलं. नुसती मान हलवून.


सोमवार, ११ नोव्हेंबर

सातला दारावर थाप. धोंडाबाई — ताटात पिठलं, भाकरी, वर झाकण.

"कडू घास हाय. खायाचा. तीन दिस गॅस पेटवू नको. देवापुढं दिवा लावू नको."

माझ्याकडं देवच नाही. सांगितलं नाही.

"गावाला न्हाई गेलीस ती?"

"भावानं केलं सगळं. मला उशिरा कळवलं."

दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"लेकीला उशिरा कळवत्यात व्हय! काय मानसं हायेत," धोंडाबाई म्हणाल्या. माझ्या भावाला शिव्या बसल्या. बिचारा परभणीत शाळेवर शिकवत असेल.

पिठलं असं तिखट आणि असं सुंदर की मी दुसरी भाकरी मागितली. मागितल्यावर लाज वाटली. त्यांना मात्र बरं वाटलेलं दिसलं.

ऑफिसात इंद्रजितनं विचारलं, डोळे का सुजलेत? टीम लीड आहे, त्याला विचारावं लागतं. ॲलर्जी, म्हटलं.

म्हणजे इथं घरी, सूसमध्ये माझा बाप मेलाय, तिकडं ऑफिसात, हिंजवडीत मला ॲलर्जी आहे, आणि खरं काय ते व्हॉट्सॲपवरच्या वाचक-गटातल्या चारशे अनोळखी लोकांना माहीत आहे.


मंगळवार, १२ नोव्हेंबर

गटावर ठराव — लेखिकेनं आठवा भाग लिहून गोमाजीला परत आणावं. एकशे नव्वद अंगठे. मी गट बंद करून ठेवला. मेलेल्याला मरू द्यावं.

शेजारच्या गंगूबाई आमटी-भात देऊन गेल्या. "लहान हायेस अजून," एवढंच म्हणाल्या.


बुधवार, १३ नोव्हेंबर

खाली अंगणात तुळशीचं लग्न. उसाचा मांडव. धोंडाबाईंनी आधीच वर येऊन बजावलं, "आवंदा लांबून बघ हां पोरी. वाईट वाटून घिऊ नको."

मी जिन्यात पाचव्या पायरीवर उभी राहिले. मंगलाष्टकांवर निवडणुकीच्या प्रचाराची रिक्षा ओरडत होती. धोंडाबाईंची सून रेश्मा अक्षता टाकताना दोनदा वर बघून हसली. नंतर उसाचं कांडकं, बोरं, चुरमुरे — माझ्या खालच्या पायरीवर ठेवून गेली. शिवायचं नाही म्हणून ठेवलं, पण मूठ मोठी होती.

तीन वर्षं मी इथं भाडेकरू आहे. पाण्याची मोटर, पार्किंग, महिन्याच्या पाच तारखेचं भाडं — एवढंच बोलणं. तीन दिवसांत घरची झाले. एका मेलेल्या माणसाच्या जोरावर.

आता खरं सांगितलं तर? पायरीवरचा ऊस परत जाईल का?


गुरुवार, १४ नोव्हेंबर

झोप नाही म्हणून पहिला भाग परत काढला.

केसर सहा वर्षांची. यात्रेच्या गर्दीत कुणीतरी तिला होडीत बसवतं आणि पलीकडं उतरवून घ्यायला कुणीच येत नाही. गोमाजी संध्याकाळपर्यंत वाट बघतो. मग विचारतो, "भूक लागली का?" बस. पुढचे सात भाग त्या प्रश्नावर उभे आहेत. तिला तो कधी लेक म्हणत नाही. तिच्यासाठी कशाचा त्याग वगैरे करत नाही. तो फक्त परत येतो. सकाळी पलीकडं जातो, संध्याकाळी अलीकडं येतो. नावाडी असून कुठंही न जाणारा माणूस.

माझ्या प्रतीला पहिलं पान नाही. मी फाडलं. त्यावर लिहिलं होतं — 'जुईस. बस होडीत. घाबरू नको. — बाबा.' परभणीच्या बसस्टँडवर पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथून आणलं होतं त्यांनी. मी सतरा वर्षांची. आधी त्यांनी स्वतः वाचलं, दोन रात्रींत, मग मला दिलं. चार महिन्यांनी ते घर सोडून अंबाजोगाईला गेले. तिथं त्या बाई होत्या. आम्हाला नंतर कळलं.

त्यांचे शर्ट आईनं बोहारणीला दिले. पुस्तक मी ठेवलं. फक्त पान फाडलं.

टाकलं नाही. पाचव्या भागात आहे, केसर नदीला शिव्या देते त्या पानापाशी.


शनिवार, १६ नोव्हेंबर

आईचा फोन. "आवाज का असा?"

सर्दी, म्हटलं. मग एकदम तोंडातून गेलं — "बाबांचं काही कळतं का?"

पलीकडं बराच वेळ मिक्सर चालू होता. बंद झाला.

"तुला काय पडलंय?"

"सहज."

"सहज नको विचारूस," आई म्हणाली. ठेवला.


रविवार, १७ नोव्हेंबर

धोंडाबाईंनी हिशोब केलाय — मंगळवारी दहावा दिवस. पान ठेवायचं. कावळा शिवला की माणूस सुटतो.

"भावानं केलंय ना मावशी तिकडं."

"त्यानं त्याच्यापुरतं केलं. तुझं ऱ्हायलंय की."

"मुलींनी चालतं?"

"कावळा काय बघतुया व्हय, ल्येक हाय का ल्योक?"

आम्ही गच्चीवर जाऊन पाहणी केली. पाण्याच्या टाकीवर तीस-चाळीस पारवे. कावळा एकही नाही. समोर त्यांच्याच विकलेल्या जमिनीवर बावीस मजली इमारत.

"हितं आमची चिंच हुती," धोंडाबाई म्हणाल्या. "शंभर कावळा बसायचा. चिंच गेली, पार्किंग आलं. आता ही पारव्यांची फौज. पारवा शिवून बाप सुटायचा न्हाई. हितंच घोटाळंल बाल्कनीत."

"एसीच्या मागं अंडी घालंल," त्यांचा मुलगा राजू म्हणाला. तो कंपनीची कॅब चालवतो.

"गप रं! तिचा बाप मेलाय."

मला हसू आलं. दाबलं. ते रडण्यासारखं दिसलं असावं, कारण राजूनं लगेच "सॉरी ताई" म्हटलं.

ठरलं. मंगळवारी मुळशीला जायचं, धोंडाबाईंच्या माहेरी. तिथं धरणाच्या काठाला कावळे आहेत. राजूची ड्यूटी दोनची. त्याआधी परत.


सोमवार, १८ नोव्हेंबर

आज सांगणारच होते. खाली गेले तर त्या गॅसवर वांगी भाजत होत्या. म्हणाल्या, परवा सांगितलंस ना, तुझ्या बापाला भरीत आवडायचं? सकाळी वेळ मिळायचा न्हाई.

खरं आहे. बाबांना भरीत आवडतं. गोमाजीला मासे.

वांग्याची सालं काढू लागले.


मंगळवार, १९ नोव्हेंबर

सगळं लिहायचं. काही गाळायचं नाही.

सहाला निघालो. राजू चालवतो, धोंडाबाई पुढं, मी मागं, मांडीवर डबे. पिरंगुट सोडल्यावर दोन्हीकडं कापलेला भात. धोंडाबाई दर वळणाला कुणाची जमीन होती आणि आता कुणाची आहे ते सांगत होत्या. एका रिसॉर्टच्या कमानीपाशी म्हणाल्या, "हितं माझी आजी म्हशी पाण्यावर आणायची."

धरणाचं पाणी थोडं उतरलेलं. काठाला ओला चिखल, जाळी वाळत घातलेली. आणि — उलटी करून ठेवलेली एक होडी.

माझे पाय तिथंच थांबले. धोंडाबाईंना वाटलं, बाप आठवला. त्यांनी माझ्या हातातले डबे घेतले.

केळीचं पान. भात, भरीत, कढी, वर तीळ. पान ठेवलं, मागं सरलो. कावळे होते. सात-आठ, त्या होडीवर ओळीनं. पानाकडं बघत होते. एकही उठेना.

पाच मिनिटं. दहा. राजू दोनदा घड्याळात बघून चुकला.

"जीव अडकलाय त्याचा," धोंडाबाई म्हणाल्या. "कशात असंल, बोल. भावाला सांभाळीन म्हण."

मी म्हटलं. कावळे हलले नाहीत.

"आईला अंतर देणार न्हाई म्हण."

म्हटलं.

"लगीन करीन म्हण. लेकीच्या लग्नातच जीव असतुया बापाचा."

हे काही मी म्हणेना.

"आगं म्हण की! उपाशी हाय त्यो!"

त्या चिखलात अनवाणी उभ्या होत्या. पासष्ट वर्षांची बाई, पहाटे चारला उठून माझ्या जिवंत बापासाठी कढी करून. डोळ्यांत पाणी. माझ्यासाठी. कुणाला तरी हात जोडत होत्या.

"मावशी, माझे वडील मेलेले नाहीत."

 मग राजू — "आये, हिचा बाप जिता हाय? अन् म्या पाचला उठून गाडी धुतली?"

धोंडाबाईंनी पानाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी रागावलेलं बघितलं नव्हतं.

"जित्या मानसाचं पान वाढाय लावलंस मला. ह्या हातानं."

मी माफी मागितली. दोनदा. 

"मग रडत कुणाला हुतीस? ते बी खोटं?"

"ते खरं होतं."

आणि सांगितलं. पुस्तक, नावाडी, पान दोनशे बारा. काय तोंडानं सांगत होते कुणास ठाऊक. राजू गाडीकडं निघून गेला. धोंडाबाई होडीपाशी जाऊन तिच्या कडेवर टेकल्या. कावळे उडून बाजूच्या बाभळीवर बसले.

"म्हंजे कागदावरचा माणूस."

"हो."

"त्यानं परक्याची पोर सांभाळली?"

"हो."

"कुणी सांगितलं नसताना?"

"हो."

त्यांनी पायाचा चिखल होडीच्या फळीला पुसला. मग म्हणाल्या, "आन तुझ्या बापानं सोताची टाकली."

 हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. बारा वर्षं माझ्या लक्षात जे आलं नाही ते त्यांना चिखलात उभ्या उभ्या कळलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. मी बसलेले नव्हते. "वाढलेलं पान तसंच टाकायचं न्हाई. काय नाव म्हनालीस? गोमाजी? त्याचं नाव घे. पोरीचं सांग काय असंल ते."

मी नाव घेतलं. मोठ्यानं, धरणाकडं तोंड करून. म्हटलं, केसरकडं मी बघीन. या वेळी खोटं बोलत नव्हते. दहा दिवसांत पहिल्यांदा.

कावळा शिवला की नाही, माहीत नाही. राजूनं हॉर्न वाजवला. निघालो.

पौड मागं पडलं. मग पुढच्या सीटवरून — "पूल बांधल्यावर त्या पोरीचं काय झालं?"

पिरंगुट, लवळे, नांदे. पहिल्या भागापासून सांगितलं. सूसच्या खिंडीत ट्रॅफिक लागलं तेव्हा तिसऱ्या भागात होते. राजूनं रेडिओ बंद केला. कंत्राटदार आला तेव्हा तो म्हणाला, "ह्यो आमच्याकडं आल्ता त्योच दिसतोय."

उतरताना धोंडाबाईंनी माझं मनगट धरलं. राग गेला नव्हता. पण धरलं.

"जित्याची मेल्याची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. तुझ्या बापाचं वाढलं. आता तू वाढवलंयस तर तूच बघ त्याचं."

"म्हणजे?"

"फोन कर म्हंजे. आन ऱ्हायलेले चार भाग उद्या जेवायला आलीस की सांग."


बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. माझं नाव अजून परभणीच्या यादीत. खोलीत बसून अकराला 'उचलू नको'ला फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. "जुई," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

 ते खोकले. मग —

"सातवा वाचलास?"

"हो."

"मी दिवाळीतच संपवला. दोन दिवस जेवण गेलं नाही गं. घरात विचारतात, कोण गेलं? काय सांगणार?"