फोन आईकडे देऊ नका

तीर्थरूप अण्णांना,
तुमच्या भांडकुदळ लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. आईला सांगा.

तुम्ही विचारलंत, दिवसभर करतेस काय? फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटांचं रक्त आमच्या लॅबमध्ये येतं. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या मोजक्या पेशी त्यातून शोधायच्या. त्यांच्यावरून औषध लागू पडतंय का ते कळावं, ही आमची धडपड. पेशी फार नाजूक, म्हणून नळी मी तान्ह्या बाळासारखी धरते. तिच्यावर नुसता नंबर असतो. तरी वाटतं, कुणाचे तरी अण्णा असतील.

खोकला आला की तुम्ही घाईने फोन आईकडे देता. मला कळतं बरं का. आधी डॉक्टरांकडे जाऊन या. आणि पुढच्या वेळी फोन देऊ नका, खुशाल माझ्या कानात खोका.

तुमचीच,
ठमी